तळटीप क्रमांक एकोणीस

अहवालाच्या मुखपृष्ठावर एक हिरवं पान आहे.
कुठल्या झाडाचं, मला माहीत नाही.
तुरीचं नक्कीच नाही;
तुरीचं पान असं एकटं, ओलं,
फोटोसाठी थांबत नाही.

एप्रिल. लातूरची अतिरिक्त एमआयडीसी.
दुपारी तीनला गोदामाचा पत्रा तडतडतो
आणि मी रकाने भरत बसलोय:
पाणी, वीज, टरफल, तक्रारी.
कंपनी शेअर बाजारात गेल्यापासून
तिला दरवर्षी सांगावं लागतं ती कशी वागली.
पोराचं प्रगतिपुस्तक असतं तसंच,
फक्त इथं शेरा पोरगंच लिहितं
आणि पुण्याची एक संस्था पैसे घेऊन
बापाची सही करते.

टरफलाचं सोपं आहे.
चुनी जनावरांना, भुसा बॉयलरला,
शंभर टक्के पुनर्वापर.
हे खरं आहे, अहवाल नव्हता तेव्हाही खरं होतं.
डाळीच्या धंद्यात काही वाया घालवणारा
लातुरात दुसऱ्या हंगामाला दिसत नाही.

पाण्याचं तसं नाही.
बोअरवरचा मीटर दिवाळीपासून
चार हजार एकशे सातवर अडकलाय.
सल्लागार बाई फोनवर म्हणाल्या,
मागच्या वर्षीची सरासरी घ्या, सगळे घेतात.
मी गेटवर गेलो.
मैनोद्दीनकडे वही आहे, शाळेची, वर मोर.
तिच्यात एकेक टँकर:
नंबर, वेळ, आणि पुढे 'भरून'
किंवा 'थोडा कमी'.
कुणी सांगितलं होतं?
"कुनीच न्हाई. रातीला झोप येईना, मग लिव्हत बसतो."
त्याच्या सहा महिन्यांच्या जागरणातून
मी कंपनीचं पाणी मोजलं
आणि 'मापनपद्धती'च्या रकान्यात लिहिलं:
प्रत्यक्ष नोंदी.

मग पान चोवीस. हितसंबंधीयांशी संवाद.
निवड विभागातल्या बायका, डोक्याला रुमाल,
पापण्यांवर डाळीची पिवळी धूळ.
छापील प्रश्न असा:
कंपनीच्या दीर्घकालीन मूल्यनिर्मितीबाबत
आपल्या अपेक्षा काय?
मी विचारलं, "काय पायजे?"
बराच वेळ फक्त चाळणी हलत राहिली.
मग इंदरबाई म्हणाली, "संडासाला आतून कडी."
शेजारची हसली. "माझं बी तेच लिवा."
"माझं बी."
एकतीस जणी. एकच उत्तर.

संगणकात निवडायला पर्याय होते:
हवामान. पोषण. नवोन्मेष. विविधता.
कडी कशातच बसेना.
'इतर' दाबलं तर म्हणे, निरंक लिहा.

मी ती तळटिपेत टाकली.
एकोणीस नंबरची, मुंगीएवढ्या अक्षरात,
भुशाच्या आकडेवारीखाली,
जिथं कुणी जात नाही.

हत्तरगे मॅडम गेल्या.
स्वतंत्र संचालक, बँकेतून निवृत्त,
चष्मा कपाळावर ढकलून कागद नाकाशी धरतात.
काजूच्या वाट्या फिरत होत्या,
अध्यक्ष शेवटच्या पानावर पोचले होते.
त्या म्हणाल्या, "ही कडी बसली का?"

एसीचा आवाज ऐकू यायला लागला.
एमडींनी वित्तप्रमुखांकडं पाहिलं,
वित्तप्रमुखांनी माझ्याकडं.
मी मुखपृष्ठावरच्या पानाकडं.

"नाही बसली," मी म्हणालो.
"मग अहवाल कसला?" त्या म्हणाल्या,
आणि पेनाचं टोपण लावलं.

इतिवृत्तात एवढंच आलं:
सदस्यांनी चर्चा केली. विषय पुढील बैठकीवर.

दोन दिवसांनी संध्याकाळी गेटवरून जाताना
मैनोद्दीननं वही पुढं केली.
टँकरांच्या रांगेत, मध्येच, निळ्या शाईत:
कड्या, लोखंडी, नग चार.
आवक दहा चाळीस.
आणि पुढे, नेहमीच्या वळणदार अक्षरात,
कारण दारं पाच आहेत,
थोडा कमी.