पाव वर्तुळ

नकाशात दार कधी बंद नसतं.
पहिल्याच आठवड्यात गोंधळेकर सरांनी सांगितलं,
कर्वे रस्त्यावरच्या त्यांच्या पोटमाळ्याच्या ऑफिसात:
दार काढायचं ते उघडं,
आणि ते कुठवर फिरतं त्याचं पाव वर्तुळ,
पॉइंट टूच्या पेनाने.

मी काढत गेले. एकास पन्नास.
बाहेरची भिंत नऊ इंची, आतली साडेचार,
जिन्याला वर जाणारा बाण,
कोपऱ्यात काळी टोकदार उत्तर.
मनगटाखाली घडीचा रुमाल, घामाने ट्रेसिंग फुगू नये म्हणून.
चुकलं की अर्ध्या ब्लेडने शाई खरवडायची,
दुधावरची साय उचलावी तशी.

प्रिंटा नारायण पेठेतून.
अमोनियाने डोळे चुरचुरायचे,
आणि निळ्या रेषांचं अख्खं घर
कॅरिअरला लावून मी सायकलवरून साइटवर, कर्वेनगरला.

तिथे भीमराया, गुलबर्ग्याकडचा गवंडी.
अक्षरओळख नाही. पण प्रिंट हातात आली
की आधी उत्तर शोधायचा,
टेकडीकडे बघून कागद तेवढाच फिरवायचा,
चार कोपऱ्यांवर चार विटा,
मग बोट खोल्याखोल्यांतून,
चपला काढून आत गेल्यासारखं.

बाथरूमपाशी थांबलं.
"ताई, हे दार आत का उघडतंय?"
बाहेर पॅसेज अडतो. तीनच फुटी आहे.
"मालक कुबड्या घेऊन येतात ना?"
येतात.
"आत पडले तर दाराला टेकूनच पडतील.
मग ढकलायचं कुणी?"

मी कागदाकडे पाहिलं.
बेसिन होतं, नळाची उंची होती,
टाइल कुठून सुरू करायची तेही लिहिलेलं.
पडलेल्या माणसासाठी चिन्हच नव्हतं.

रात्री ब्लेड घेऊन बसले.
आतलं वर्तुळ खरवडलं, बाहेरचं काढलं,
पॅसेज सहा इंच वाढवला, त्यापायी देवघर आक्रसलं.
सर म्हणाले, ओतूरकरबाई ऐकायच्या नाहीत.
बाईंनी नकाशा उलटा धरला होता. तसाच वाचला.
म्हणाल्या, देवांना कुठे आडवं व्हायचंय!

परवा तोच प्लॉट पुन्हा आला टेबलावर.
म्हणजे पडद्यावर. अकरा मजले, खाली पार्किंग.
आता दार एका क्लिकने पलटतं,
मागे ओरखडाही राहत नाही.
जुनं ट्रेसिंग कपाटात सापडलं.
ट्यूबलाइटसमोर धरलं तर खरवडलेल्या जागी
कागद पातळ झालेला, आणि त्यात
आत उघडणारं ते दार, अजून पुसट.

महापालिकेला जे पाडायचं ते पिवळ्यात दाखवावं लागतं.
नुसती बाह्यरेषा पुरते, समोरचा पोरगा सांगत होता,
पाडायच्या घराला दारं कोण काढतं, मॅडम?

एक काढलं. बाहेर उघडणारं.
अजून सेव्ह केलेलं नाही.