सातव्या खोलीचा ताप

दिंडोरी रस्त्याला एक कोल्ड स्टोरेज आहे, सात खोल्यांचं.
आत थॉमसनच्या पेट्या, बाहेर लोखंडी जिना,
जिन्याखाली आमच्या कंपनीनं बसवलेला डबा:
सात सेन्सर, एक भोंगा.

डब्यातला प्रोग्रॅम माझा.
डिसेंबरात लिहिला, सातपूरच्या ऑफिसात,
हातमोजे घालून टाइप होत नाही म्हणून
बोटांवर फुंकर घालत.
एक स्ट्रक्ट, त्यात सात खान्यांचा अ‍ॅरे,
खोलीमागे दोन बाइट,
आणि पुढे महिरपी कंसात एकच शून्य.
म्हणजे आधी सगळं पुसून घे, बाई, मग मांड.
द्राक्षांनाही शून्यच मानवतं.
म्हटलं, जुळलं.

जानेवारीत भोंगा रात्रीचा ओरडायला लागला.
सात नंबर. बावन्न अंश.
मालक स्वेटर उलटा घालून धावत यायचा,
दार उघडायचा, तर आत
त्याचेच दात वाजायचे.

रात्रपाळीचा निवृत्ती बोरस्ते
झोपतो, दार उघडं टाकतो, मग घाबरून बटणं दाबतो,
असं ठरलं.
दोन रात्रींचा पगार कापला.

मी माझ्यावर संशय घेतला, ती जुनी सवय.
केबल बदलली, सोल्डर बदललं,
चष्म्याचा नंबर तपासून आले कॉलेज रोडला.
कंपायलरवर कोण संशय घेतं?
म्हणजे सराफाच्या दुकानात शिरून
तराजूलाच चोर म्हणायचं.

मग निवृत्ती वही घेऊन आला.
मुलीची, शंभर पानी, मागच्या बाजूनं सुरू केलेली.

१.५२ ला सात नंबर ५२.
३.३८ ला ३८.
४.०३ ला गप.
४.१७ ला १७.

"मॅडम, माझं शिक्षण नववी.
पण ह्याला ताप नाही आलेला.
हा टाइम सांगतोय."

त्या रात्री मी असेंब्ली वाचली, ओळीवर बोट ठेवून,
आजारी माणसाचे कागद वाचावेत तशी.
कंपायलर शून्य वाढत होता चार बाइटच्या पळीनं.
एक पळी. दोन. तीन. बारा झाले.
चौदा भरायचे होते.
उरलेल्या दोनांना अर्धी पळी लागली असती,
पण वेग वाढव असं मीच सांगून ठेवलेलं,
त्यानं हात झटकले आणि उठला.

त्या दोन बाइटांत
आधीच्या फंक्शनची मिनिटं तशीच राहिली,
भाडेकरू गेल्यावर
खिळ्याला लटकणाऱ्या कॅलेंडरासारखी.
सातवा सेन्सर एखादी फेरी चुकला
की माझा प्रोग्रॅम ते कॅलेंडर वाचायचा,
तापमान समजून, मोठ्यानं.
तास सुरू होऊन पाच मिनिटं होईस्तोवर
सगळं आलबेल.

सहा वाजले होते. खाली चहावाल्याचं शटर वर गेलं.
मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू,
चूक माझी नव्हती.
मग वही दिसली, आणि तो आनंद
कुठे ठेवावा कळेना.

कंपायलरवाल्यांना बारा ओळींचा नमुना पाठवला.
उत्तर आलं, बरोबर आहे तुमचं, पुढच्या आवृत्तीत बघतो.
तोवर मी सात खोल्यांना आठ खाने केले.
चार पळ्या, सोळा बाइट, बुडापर्यंत भरतात.
शेजारी टीप लिहिली:
आठवा खाना रिकामा दिसला तरी काढू नये,
कारण निवृत्ती बोरस्ते यांच्या वहीत आहे.
माझ्यानंतर येणारं पोरगं हसेल. हसू दे.

मालकाला सगळं समजावलं, पळीसकट.
तो म्हणाला, बरं झालं, आणि पगाराचं, बघू.

काल पहाटे फोन वाजला.
"मॅडम, ३.३८ झालेत. सातही खोल्या शून्य."
मागे कॉम्प्रेसरची घरघर.
"पगाराच्या खान्यातपण
तुम्हीच टाकलंय का ते?"