चेहरा जुळत नाही

पहाटे पाचला सेलूच्या मोंढ्यात
मी एका बाईच्या तोंडासमोर फोन धरून उभा असतो.
पालिकेनं मला मुकादम म्हणून घेतलं होतं,
आता मी स्टँड आहे.

हुकूम आला तेव्हा सोबत चित्रफीत आली होती :
विंचरलेल्या केसांची, हसरी सफाई कामगार,
हिरवी खूण, टाळ्या.
गयाबाई हातागळे हसत नाही.
नाकापर्यंत पदर बांधून येते,
कारण चित्रफितीतल्या नालीला वास नसतो.
"पदर काढा, मावशी." काढते.
"डोळे मिचकवा."
"ह्या वयात काहाला रे?"
बाया खिदळतात. गोल फिरतो, फिरतो.
चेहरा जुळत नाही.

"मव्हं तोंड मव्हंच हाय," ती म्हणते,
"त्येला म्हणावं उजाडल्यावर ये."

तीनदा जुळलं नाही की गैरहजर,
झाडलं तरी.
दाद मागायला त्यातच एक चौकोन आहे :
तक्रार नोंदवण्यासाठी आधी चेहरा दाखवा.

खोटं कशाला सांगू, मी काही संत नव्हतो.
वहीच्या काळात उशिरा येणाऱ्याकडून
चहा घेतलाय, कधी वीस रुपयेही.
पण माझ्याशी भांडता यायचं.
गयाबाईनं एकदा भर चौकात
माझ्या सात पिढ्या झाडून काढल्या, खराट्याशिवाय,
आणि मी मुकाट्यानं 'गै' खोडून 'ह' लिहिला.
फोनला पिढ्या नाहीत.
त्याला शिवी लागत नाही.

मुंबईत म्हणे एक साहेब
आमची अख्खी पालिका हिरव्या-लाल ठिपक्यांत बघतो.
सरकारला आमचं तोंड बघायची एवढी हौस,
आणि आम्ही सरकारचं बघायला गेलो तर
तीन खिडक्या, दोन शिपाई, साहेब दौऱ्यावर.

मग एका झेंड्यावरून चौकात दगड पडले.
दोनच. पानटपरीची काच गेली.
जिल्ह्याहून आदेश : अफवा पसरू नयेत म्हणून
इंटरनेट बंद, चार दिवस.
अफवा पायी फिरल्या.
अडकला तो रफीकच्या गॅसचा ओटीपी,
मोंढ्यातल्या हमालांचे पैसे,
आणि आमची हजेरी.
त्या चार दिवसांत सरकारच्या लेखी
सेलूत एकही झाडणारी नव्हती.

गयाबाई पाचला आली.
सवयीनं मी फोन वर केला.
"ठिव खाली," म्हणाली, "हात दुखंल."
बाया झाडत गेल्या रेल्वे गेटापर्यंत.
दगडही त्यांनीच उचलले,
दोन्ही एकाच टोपलीत.

मी वही शोधायला कपाट उघडलं.
तळाला निजामाच्या वेळचं बाड आहे,
उर्दूत, कडा वाळवीनं खाल्लेल्या.
रफीकच्या आजोबांनी एकदा बोट ठेवून वाचलं होतं :
हाजिर. हाजिर. हाजिर. फौत.
राजवटी माणसं मोजतातच, हे काही आजचं नाही.
पण एका नावाशेजारी, समासात,
कुणा कारकुनानं बारीक लिहिलंय :
ताप आहे, मजुरी द्यावी.
समास. माणसाला तेवढीच जागा होती.
ॲपला समास नाही.

महिन्यानं वरून विचारणा :
चार दिवस हजेरी शून्य, तरी रस्ते स्वच्छ कसे?
मी हातानं खुलासा लिहिला, कोऱ्या कागदावर,
मुद्दाम रुंद समास सोडून.
कागद परत आला. शेरा : खुलासा ॲपवरच द्यावा.

आज पहाटे फोन स्वतःकडे वळवला.
डोळे मिचकवा, म्हणाला. मिचकावले.
गयाबाई खराटा टेकवून बघत होती.
गोल फिरला, फिरला.

"नाय ना वळखलं?" ती म्हणाली.
"धर मग टोपलं."