टेक

अकरा दिवस आम्ही एका स्टुलाला नाव शोधतोय.
मरोळच्या गाळ्यात, दुसऱ्या मजल्यावर,
एसी अठरावर, बिस्किटं सादळलेली.
घडीचं स्टूल. वजन नऊशे ग्रॅम.
वॉचमन, लिफ्टमन, साडीच्या दुकानातल्या मुली,
उभं राहून राहून ज्यांच्या पोटऱ्यांत
निळ्या गाठी आल्यात, त्यांच्यासाठी.

फळ्यावर: सिटिफाय. आरामो. पॉज. लेगसी.
"लेगसी गेलंय," वकील फोनवरून.
"आरामो जुलाबाच्या गोळीसारखं वाटतं," धरमशीभाई.
रेयांश, वय सव्वीस, म्हणतो, नावात भविष्य हवं.
माझ्या मानेत तर नुसता भूतकाळ:
पंधरा वर्षांची लेबलं, चौथा मणका, पाचवा मणका.
डॉक्टरीण म्हणाली, गोळ्या देते,
पण तासातासाला खुर्ची सोडायची.
म्हणून सोडते. जिना उतरते

तळमजल्यावर, जिथे मिस्किटाबाई रिव्हेट मारतात.
मरोळ गावठाणातल्या. बावीस वर्षं
एकाच मशीनपुढे, सगळा भार उजव्या पायावर.
खडखडाटातून ओरडल्या,
"दमलीस काय गो? ये, जरा टेक."

टेक.
पोस्टमन दारात आला की आई म्हणायची, टेका जरा.
तो म्हणायचा, टेकायला वेळ कुठाय, आणि टेकायचा.
पाणी पिऊन, घाम पुसून पुढे.

मी वर गेले. फळ्यावर लिहिलं.
क्षणभर फक्त एसीचा आवाज.
मग रेयांश उडालाच, "टेक! म्हणजे टेक्नॉलॉजी!"
टाळ्या. धरमशीभाई म्हणाले, याचं ॲपपण काढू.
मी समजावायला तोंड उघडलं,
मिटलं.
हात टेकले.
तेही त्याच नावात बसतं.

संध्याकाळी पहिल्या लॉटमधलं एक स्टूल,
पायाला ओरखडा, नापास म्हणून बाजूला काढलेलं,
मी मशीनमागे उघडून ठेवलं.
मिस्किटाबाईंनी आधी तळव्यानं दाबून पाहिलं,
आपणच मारलेले रिव्हेट मोजले, सहा.
सुपरवायझर चहाला गेलाय ना, वळून बघितलं.
मग
हळूच.
उजवा पाय कितीतरी वेळ
जमिनीवर उगाच हलत राहिला,
उतरवलेल्या ओझ्याचा पत्ता विचारत असल्यासारखा.

नापास मालाच्या वहीत मी लिहिलं:
नग एक.
परत न पाठवण्याचं कारण: वापरात.