घर क्रमांक एकेचाळीस

एप्रिलचा दुसरा मंगळवार.
तीनशे बारा घरं, चार गाड्या, एकच दिवस.
कमिटीचं पत्र आधीच गेलेलं:
कुत्री आत बांधा, खिडक्या लावा,
मुलांची खेळणी गवतातून उचला.
एकट्यादुकट्याने औषध मारलं
तर मुंग्या फक्त शेजारी राहायला जातात,
हे पटायला कमिटीला सहा वर्षं लागली
आणि प्रुइटच्या जेवणघराची एक तुळई.

मी ही वस्ती पोटाकडून ओळखतो.
लोक मला दारांचा नवा रंग दाखवतात,
मी पालथा पडून जमिनीखाली सरकतो
दातांत टॉर्च धरून.
तिथं सगळी घरं सारखीच. ओल, पाइनच्या सुया,
कुणा सुताराची विसरलेली पेन्सिल,
आणि पायावरून वर चढणाऱ्या
वाळवीच्या बारीक मातकट नळ्या.
जंगल आपलं लाकूड परत मागतंय,
हप्त्याहप्त्याने.
जंगल कुठं संपतं ते नकाशात हिरव्या रेघेने दाखवलंय.
मुंग्यांनी नकाशा पाहिलेला नाही.

एकेचाळीसने सही केली नाही.
ओडील थिबोडो, वय एकोणऐंशी,
दाराची साखळी न काढता म्हणाली,
"लाकडांना हात लावायचा नाही."
भिंतीला टेकून रचलेली, कमरेइतकी उंच,
दोन हिवाळे कुणी न जाळलेली.
अल्सीडने फोडली होती, त्याच्या शेवटच्या ऑक्टोबरात.

कमिटीत आवाज चढले. दंड लावा. वकील गाठा.
प्रुइट म्हणाला, सगळ्यांनी हाकललेलं
आता तिच्याकडंच जाणार.
आणि तसंच झालं. मंगळवारी संध्याकाळी
मी गाडीत पाइप गुंडाळत असताना
काळ्या सुतार मुंग्यांची रांग पाहिली,
तोंडात पांढरे कोश,
सगळं बिऱ्हाड पाठीशी,
घाई नाही, कुरबुर नाही,
थेट एकेचाळीसकडं.

शनिवारी मी गणवेश न घालता गेलो.
म्हटलं, बाई, जाळणार नाही, फेकणार नाही.
भिंतीपासून वीस फूट लांब, विटांवर,
होती तशीच रचून देतो.
ती बराच वेळ माझ्या बुटांकडं पाहत राहिली.
मग आतून खडू घेऊन आली.

एक. दोन. तीन.
ढीग हलवला की वरचं खाली जातं,
हे मला दहाव्या ओंडक्याला कळलं.
मग सगळंच गवतावर मांडलं, ओळीने,
फुटपाथपर्यंत.
प्रुइट जाब विचारायला आला,
उभा राहिला, बाह्या वर केल्या,
आणि पंचावन्नपासून पुढं तोही वाहू लागला.

सत्तावीसवर ती थांबली होती.
कुऱ्हाडीचा घाव वाकडा.
"इथं तो खाली बसला,
पाणी माग म्हटलं तर नको म्हणाला."
मला लाकडात फक्त पोकळी ऐकू येते,
स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करून.
त्या दिवशी टकटक केली नाही.

तळाचा थर भुसा झालेला.
एकशे चार ते एकशे एकोणीस
हातात घेताच सुटले,
आणि आतून त्या धावल्या, कोश सावरत,
माझ्या मनगटावरून.
प्रुइटने श्वास रोखला.
ओडीलने वाकून पाहिलं, म्हणाली,
"मग हे तुमचं काम. करा."
मी केलं.

संध्याकाळी नवी रास उभी राहिली,
खालून वारा खेळेल अशी.
सोळा ओंडके कमी होते.
तिनं खडूचा उरलेला तुकडा घेतला,
गुडघे धरून खाली बसली
आणि विटांवर लिहिलं,
एकशे चार, एकशे पाच,
एकशे एकोणीसपर्यंत.

सोमवारी ऑफिसात फॉर्म भरला.
घर क्रमांक एकेचाळीस.
शेरा: ओलं लाकूड भिंतीपासून दूर केलं.
रकाना तेवढाच होता.