मग्गा

पहिला प्रश्न मी कंपौंडच्या उंचीचा विचारते.
लोकांना वाटतं, बाई घराची किंमत काढतेय.
मग विचारते, दुपारी घरी कोण असतं,
म्हातारं कोण, रांगणारं कोण,
दिवाळीत लवंगी गेटात लावता की रस्त्यावर.
अनगोळच्या शेवटच्या स्टॉपपुढं पत्र्याचं शेड,
सतरा कुत्री आणि दोनशे पानी एक वही.
डावीकडं कुत्रं, उजवीकडं घर,
मध्ये मी, पेन्सिल घेऊन.
पेन नाही. खोडावं लागतं.

टिळकवाडीच्या डॉक्टरीणबाईंना पांढरं हवं होतं,
सोफ्यावर उठून दिसणारं.
मी त्यांना काळी दिली, जिना न चढणारी.
त्यांच्या सासूबाईंनाही जिना चढता येत नव्हता
आणि खालच्या खोलीत दिवसभर कुणी फिरकायचं नाही.
कॅम्पातल्या निवृत्त सुभेदारांना मुधोळ हवा होता.
"रोज आठ किलोमीटर पळणार?"
आपल्याच गुडघ्याकडं बघून ते हसले,
जाताना बिस्किटांचा पुडा ठेवून गेले.
खानापूरच्या वीटभट्टीवरची पोरं मात्र
काही न विचारता एक पिल्लू शर्टात घालून घेऊन गेली.
तेच सगळ्यात मजेत आहे.
वहीत त्याचं पान कोरं.

मग्गा दोनदा परत आला.
मग्ग म्हणजे कानडीत माग.
वडगावच्या कारखान्यात, बॉबिनच्या खोक्यात जन्मला.
माग भंगारात गेले त्या दिवशी
टेम्पोमागं थेट शहापूरपर्यंत धावला.
हिंदवाडीत शांत घर, बाग, मऊ गादी:
तिसऱ्या दिवशी फोन, "रात्रभर रडतो हो."
संकेश्वरला उसाच्या रानात घर, मोकळीच मोकळी:
तिथून तर फोनही नाही,
सकाळी फाटकाला बांधलेला सापडला.

एका रात्री लाइट गेली.
पलीकडच्या लग्नाच्या हॉलनं जनरेटर लावला,
आणि तो पत्र्याला खडखडवणारा कल्लोळ ऐकत
मग्गा चारी पाय ताणून झोपला.
इतकी वर्षं मी वहीत
शांत घर शोधत होते.

मग चंद्रप्पा बुचडी आले. सत्तरीचे.
बोलायचे ते गल्लीपलीकडच्या माणसाला सांगितल्यासारखं.
"घरात माग आहे?"
"काय?"
"माग! आहे का?"
"होता की. विकला."
पेन्सिल थांबली.
"हा रात्रभर रडतो!"
"रडू दे की ओ. मला कुठं ऐकू येतंय!"
"आणि गल्लीतले?"
"गल्लीत सगळे मागवालेच."
मला हसू आलं, तरी मी नाहीच म्हणाले.
रडणं कुणाला ऐकू न येणं
म्हणजे जुळणं नव्हे.
ते उठले नाहीत.
चप्पल पायात घातली, परत काढली.
"मलाबी झोप नाही," पहिल्यांदाच हळू बोलले,
"माग थांबल्यापासनं."

महिन्यानं बघायला गेले, अंधार पडल्यावर.
कंपौंड अडीच फूट. मी काही बोलले नाही.
"बर्री, हळू बर्री," गंगव्वानं दार पुरतं उघडलं नाही.
आत खाटेवर ते गाढ,
एक हात बाहेर, बोटं खाटेच्या लाकडावर:
खट-खटक, खट-खटक,
मध्येच एक ठोका चुकायचा, धागा तुटल्यासारखा,
मग पुन्हा.
खाली मग्गा, कान लाकडाला चिकटवून,
तोंड उघडं, लाळ फरशीवर.

"कुत्रं आल्यापासनं झोपतात," गंगव्वा म्हणाली,
"अन् झोपले की हे असं.
त्यांना ठाऊक नाही.
तुम्हीबी सांगू नका.
कळलं तर हात आवरतील."