सुतळीचं टोक

डंडीत, टे नदीच्या काठी,
तागाच्या जुन्या गिरणीत आमचं ऑफिस.
लोखंडी खांब तेवढे तसेच ठेवलेत.
मोरॅग गेडिस म्हणते, ओल धरली की
भिंतींना अजून तागाचा वास येतो.
मला कधी आला नाही.
पण मी तसं म्हणत नाही.

तिचा सी-मधला प्रोग्राम माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.
इस्पितळाच्या लॅबमधून रक्ताचे रिपोर्ट येतात,
तो एकेकाला जागा देतो:
नावाला एक मॅलॉक, तारखेला एक,
हिमोग्लोबिनच्या आकड्याला, शेऱ्याला,
शेऱ्याखालच्या शेऱ्याला.
आणि शेवटी चाळीस ओळी नुसत्या फ्री, फ्री, फ्री,
घेतल्याच्या उलट्या क्रमाने,
पंगत उठल्यावर एकेक पान
मोजून उचलावं तशा.
एखादं पान राहूनच जाई.
दर रात्री थोडी थोडी मेमरी मुरत राही कुठेतरी
आणि रविवारी पहाटे कुणीतरी
मशीन बंद करून चालू करी.
एकतीस वर्षं.

मी म्हटलं, एकदाच मोठा तुकडा घेऊ.
त्यात सगळं भरू, एकाला लागून एक,
कुणाचा वेगळा हिशेब नको.
रिपोर्ट छापला की अख्खा तुकडा परत.
ती म्हणाली, म्हणजे पोतं.
हो, म्हटलं, पोतंच.

बार्शीला, काकाच्या आडतीत,
सातवीच्या सुट्टीत मी पोती उसवायला शिकले.
शिवणीला दोन टोकं असतात.
चुकीचं ओढलं की गाठ बसते,
नखं दुखतात, हमाल हसतात.
बरोबर टोक हाती आलं
तर एकच झटका,
सर्रर्र
आणि तूर मोकळी.

चाळीस ओळी खोडल्या. एक लिहिली.
रविवारी पहाटे कुणालाच उठावं लागलं नाही.

बुधवारी रात्री मात्र फोन.
नदीवर धुकं, पुलाचे दिवेही दिसेनात.
एका रिपोर्टवर नाव छापलं होतं
एल्स्पेथ उपाशीपोटी.
अर्धी एल्स्पेथ,
पुढे दुसऱ्याच कुणाच्या शेऱ्याचा तुकडा.
छपाईच्या रांगेनं नाव घेतलंच नव्हतं,
नुसता पत्ता टिपून ठेवला होता.
पत्ता बरोबर होता.
तिथे आता दुसरे राहायला आले होते.

मोरॅग आली, नाइटड्रेसवर कोट चढवून.
बोलली नाही काही. चहा केला, गार होऊ दिला.
मग म्हणाली, पोतं उसवायचं तर
बियाण्यापुरतं आधी ओच्यात काढून घ्यावं.
तिचे शब्द वेगळे होते अर्थात.
मला असेच ऐकू आले.

नावाची नक्कल केली, पोत्याबाहेर.
दीड वाजला होता.

शुक्रवारी ती निवृत्त झाली.
केक होता, फार गोड.
पाच वाजता कुठल्यातरी मजल्यावर
कुणीतरी एक कळ दाबली:
तिचं मेल, दाराचं कार्ड, पार्किंगची जागा,
सगळं एका झटक्यात.
ती दाराच्या आतच होती अजून.
मग माझ्या कार्डानं बाहेर पडली.

त्या चाळीस ओळींच्या डोक्यावर
तिनं कधीतरी लिहून ठेवलंय:
क्रम बदलू नका. — मो.
खाली आता एकच ओळ आहे.
शेरा मी खोडलेला नाही.